पावती हातात, नोंद गायब: हार्ड डिस्कची कॅश आणि कर्नलचा गैरसमज

हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. बसमध्ये आवाज नीट येत नाही, हेडफोन घरी राहिला, किंवा कमांड ऐकून लिहून घेता येत नाहीत, असे मेसेज बऱ्याच जणांचे येतात. त्यांच्यासाठी हे खास. बोलण्याच्या ओघातले 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. हार्ड डिस्कच्या आत एक छोटी मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. ती चालू आहे की बंद, हे ऑपरेटिंग सिस्टमला बरोबर माहीत असणं का गरजेचं आहे, एवढंच आज बोलायचंय. पण हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका आजींच्या साडेसात लिटर दुधामुळे शिकलो, आणि त्यात चूक माझी होती. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दोन माणसं, एकच पावती नंबर

माझे मामा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात. वजन होतं, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, पावती निघते. दर दहा दिवसांनी बिल होतं. बीटेकच्या शेवटच्या वर्षाला असताना मी त्यांना एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, नोंदी ठेवायला एसक्यूलाइटचा डेटाबेस. भाच्यानं बनवलंय म्हणून मामांना केवढं कौतुक!

पुढे मी नोकरीला पुण्यात आलो आणि प्रोग्रॅम तिकडे चालत राहिला. मग एका पावसाळ्यात मामांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाले, "बिलाला भांडण झालंय बघ. तू शनिवारी ये."

झालं होतं असं. एका आजींनी साडेसात लिटर म्हशीचं दूध घातलं, पावती निघाली, मामांनी ती फाडून त्यांच्या हातात दिली आणि तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली. अर्ध्या तासानं लाइट आली, कॉम्प्युटर चालू झाला, रांगेतल्या पुढच्या माणसाचं दूध मोजलं आणि त्याची पावती निघाली. दहा दिवसांनी बिलात आजींचं त्या संध्याकाळचं दूधच नाही. आजींनी कनवटीची पावती काढून दाखवली, नंबर २१३. पुढच्या माणसानंही त्याची काढली. तिचाही नंबर २१३.

आजी म्हणाल्या, "पावती हाय न्हवं माझ्याजवळ? मग दूध गेलं कुठं?"

रक्कम म्हणाल तर चारशे रुपयांच्या आसपास. मामांनी ती लगेच खिशातून दिली. पण डेअरीवर लोकांनी ऐकलं ते वेगळंच. एकाच नंबरच्या दोन पावत्या निघतात म्हणजे केंद्रवाला काहीतरी करतोय. वीस वर्षं ज्यांच्या वजनकाट्यावर कुणी शंका घेतली नाही, त्यांच्याकडे लोक पावत्या घेऊन जुनी बिलं तपासायला येऊ लागले.

मी तिथे बसून स्वतःचा कोड दोनदा वाचला. प्रोग्रॅम आधी नोंद सेव्ह करतो, सेव्ह झाल्याचं उत्तर आलं की मगच पावती छापतो. क्रम बरोबर होता. मग सेव्ह झालेली नोंद गेली कुठे?

कच्ची चिठ्ठी आणि पक्की वही

कॉम्प्युटर यायच्या आधी मामा काय करायचे, ते सांगतो. गर्दीच्या वेळी ते आकडे एका कच्च्या चिठ्ठीवर पटापट लिहायचे आणि गर्दी ओसरली की पक्क्या वहीत उतरवायचे. चिठ्ठीवर लिहिणं झटपट होतं, रांग थांबत नाही. पण चिठ्ठी पावसात भिजली किंवा उडून गेली, तर तेवढं दूध गेलं.

हार्ड डिस्क नेमकं हेच करते. आतली फिरणारी तबकडी ही पक्की वही. आपल्या घरातल्या बहुतेक डेस्कटॉप डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारतात, म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. लिहिण्याची जागा डोक्याखाली यायची वाट बघावी लागते, आणि कॉम्प्युटरच्या हिशोबात हा वेळ प्रचंड आहे. म्हणून डिस्कच्या सर्किट बोर्डावर रॅमची एक चिप असते, आजकाल साधारण ६४ ते २५६ एमबीची. डेटा आधी तिथे घेतला जातो, "झालं" असं उत्तर लगेच दिलं जातं, आणि तबकडीवर लिहिण्याचं काम डिस्क सोयीनं करते. तेही आलेल्या क्रमानं नाही, तर डोक्याला कमी धावपळ होईल अशा क्रमानं. ही चिप म्हणजे कच्ची चिठ्ठी. लाइट गेली की ती कोरी होते.

या पद्धतीला राइट बॅक म्हणतात. डिस्कनं असं काही न करता थेट तबकडीवर लिहून मगच "झालं" म्हणायचं, ही दुसरी पद्धत, राइट थ्रू. ही दोन नावं लक्षात ठेवा. माझा घात या दुसऱ्या नावानंच केला.

मग आपला डेटा रोज का उडत नाही?

कारण ऑपरेटिंग सिस्टमला या चिठ्ठीची कल्पना असते. डेटाबेसला एखादी नोंद पक्की करायची असते तेव्हा तो एफसिंक नावाची विनंती करतो. विनंतीचा अर्थ असा: हे कायमचं लिहून झाल्याशिवाय मला उत्तर देऊ नकोस. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, यावर दोन कामं करतो. आधी डेटा डिस्ककडे पाठवतो. मग डिस्कला फ्लश नावाची वेगळी कमांड देतो: चिठ्ठीवरचं सगळं वहीत उतरव आणि मग सांग. त्याचं उत्तर आलं की कर्नल डेटाबेसला सांगतो, झालं.

म्हणजे कॅश चालू असणं धोक्याचं नाही. योग्य क्षणी फ्लश गेला तर वेग आणि खात्री दोन्ही मिळतात. फाइल सिस्टमही याच फ्लशवर उभी असते. ईएक्सटी४ बदल आधी जर्नलमध्ये लिहिते आणि मग मूळ जागी, आणि यातलं आधी-नंतर पाळलं जावं म्हणून मध्ये फ्लश पाठवते. तो गेला नाही तर एखादी नोंद हरवणं ही छोटी गोष्ट झाली, अख्खी फाइलच मोडू शकते.

आता मुद्द्याचा प्रश्न. डिस्कला अशी कॅश नसेलच, किंवा बंद असेल, तर फ्लश पाठवण्यात काही अर्थ नाही. चिठ्ठीच नाही तर उतरवायचं काय? म्हणून लिनक्सचा कर्नल प्रत्येक ड्राइव्हबद्दल एक नोंद ठेवतो: याच्याकडे कॅश आहे की नाही. नोंद "राइट बॅक" असेल तर फ्लश पाठवतो. नोंद "राइट थ्रू" असेल तर फ्लशची कमांड वरच्या वरच गाळून टाकतो. ड्राइव्हपर्यंत ती पोचतच नाही.

मी काय केलं होतं

प्रोग्रॅम पहिल्यांदा लावला तेव्हा तो हळू चालायचा. एका पावतीला दोन-अडीच सेकंद लागायचे आणि रांग वाढायची. कारण माझ्याच कोडमध्ये होतं. एका पावतीसाठी मी वीस-पंचवीस वेळा वेगवेगळं सेव्ह करत होतो: नोंद वेगळी, सभासदाचं खातं वेगळं, दिवसाची बेरीज वेगळी. प्रत्येक सेव्हला एफसिंक, प्रत्येक एफसिंकला फ्लश, प्रत्येक फ्लशला तबकडीची वाट.

कोड सुधारायचा सोडून मी इंटरनेटवर उपाय शोधला. एक सल्ला सापडला. सिस नावाच्या फोल्डरमध्ये ब्लॉक, त्यात ड्राइव्हचं नाव, त्यात क्यू, आणि तिथे राइट कॅश नावाची एक फाइल असते. त्या फाइलमध्ये "राइट थ्रू" असं लिहा, वेग वाढेल.

मी वाचलं, राइट थ्रू. म्हणजे थेट तबकडीवर. म्हणजे जास्त सुरक्षित! वर वेगही वाढणार! लिहून टाकलं, आणि पावती क्षणात निघायला लागली. मामा खूश, मी खूश.

त्या क्षणी मला शंका यायला हवी होती. थेट तबकडीवर लिहिणं हळू असतं, मग वेग वाढला कसा? खरी गोष्ट अशी की त्या फाइलमध्ये लिहिल्यानं ड्राइव्हमध्ये काडीचाही बदल होत नाही. बदलतो तो फक्त कर्नलचा समज. लिनक्सच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलंय, की यामुळे कर्नलकडून जाणारे फ्लश बंद होतात आणि म्हणून असं करणं सुरक्षित नसू शकतं. मी ते वाचलं नव्हतं. ड्राइव्हची कच्ची चिठ्ठी चालूच होती, आणि "वहीत उतरव" म्हणणाऱ्याला मी घरी पाठवून दिलं होतं.

यात आणखी एक गोष्ट. ही सेटिंग रीबूटनंतर टिकत नाही. म्हणून मी ती सुरुवातीला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकली होती. म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला की दर वेळी कर्नल ड्राइव्हला विचारून खरं काय ते शोधायचा, आणि मागून माझी स्क्रिप्ट येऊन ते खोडायची.

त्या संध्याकाळी आजींची नोंद कर्नलनं ड्राइव्हकडे दिली, ड्राइव्हनं चिपमध्ये घेऊन "झालं" म्हटलं, एसक्यूलाइट "झालं" म्हणाला, पावती छापली गेली आणि लाइट गेली. कॉम्प्युटर परत चालू झाला तेव्हा वहीत शेवटचा नंबर २१२ होता. प्रोग्रॅमनं पुढच्या माणसाला २१३ दिला.

तो सल्ला खोटा होता का? नाही. तो मोठ्या सर्व्हरसाठी होता. तिथे रेड कार्डावरच्या कॅशला स्वतःची बॅटरी असते, किंवा एसएसडीमध्ये कपॅसिटर असतात, जे लाइट गेल्यावर चिठ्ठीवरचं वहीत उतरवण्यापुरती वीज पुरवतात. अशा ठिकाणी फ्लशची वाट बघायची गरज नसते. माझ्याकडे होती जुनी डिस्क आणि बसलेली बॅटरी.

कर्नलला हे कळतं कसं?

कॉम्प्युटर चालू होताना कर्नल प्रत्येक ड्राइव्हची ओळख करून घेतो. साटा ड्राइव्हला "तू कोण?" असं विचारलं की ती ५१२ बाइटचं उत्तर देते, आणि त्यातला एक ठराविक बिट सांगतो की राइट कॅश आत्ता चालू आहे का. स्कझी पद्धतीच्या ड्राइव्हमध्ये यासाठी कॅशिंग मोड पेज असतं. एनव्हीएमई एसएसडी आपल्या ओळखपत्रातच सांगते की तिच्याकडे वीज गेल्यावर पुसली जाणारी कॅश आहे की नाही. लिनक्सच्या सुरुवातीच्या लॉगमध्ये डिस्कच्या नावापुढे "राइट कॅश: एनेबल्ड" अशी ओळ दिसते, ती याच चौकशीचं उत्तर.

गडबड दोन वेळा होते. एक, चौकशी झाल्यानंतर कुणीतरी ड्राइव्हची सेटिंग बदलली आणि कर्नलला सांगितलं नाही. दुसरं, चौकशीला ड्राइव्हनं उत्तरच दिलं नाही.

जुळणीचे चार प्रकार होतात, नीट बघा:

– ड्राइव्हची कॅश चालू, कर्नलचा समज राइट बॅक. उत्तम. नेहमीची, वेगवान आणि सुरक्षित स्थिती.
– कॅश बंद, समज राइट थ्रू. हेही सुरक्षित, फक्त लिहिणं हळू.
– कॅश बंद, पण समज राइट बॅक. कर्नल उगाच फ्लश पाठवतो. थोडं वाया जाणारं काम, नुकसान काही नाही.
– कॅश चालू, पण समज राइट थ्रू. हा मामांचा कॉम्प्युटर. रोज व्यवस्थित चालतो, वेगवान वाटतो, आणि लाइट जाईपर्यंत कुणाला काही कळत नाही.

चौघांपैकी एकच घातक आहे, आणि नेमका तोच सगळ्यात वेगवान दिसतो.

यूएसबीची गंमत

ही चौथी स्थिती यायला माझ्यासारखा उद्योग करावाच लागतो असं नाही. तुमची पोर्टेबल हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लिनक्सला लावा आणि लॉग बघा. बऱ्याचदा दोन ओळी दिसतील: "नो कॅशिंग मोड पेज फाउंड" आणि त्याखाली "अझ्युमिंग ड्राइव्ह कॅश: राइट थ्रू". अर्थ असा: मी विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून कॅश नाही असं धरून चालतो.

पोर्टेबल डिस्कच्या डबीत साधी हार्ड डिस्क असते आणि मध्ये यूएसबीचा दुभाषा असतो, एक छोटी ब्रिज चिप. काही दुभाषे हा प्रश्न पुढे पोचवतच नाहीत. आत कॅश चालू, बाहेर समज "नाही". म्हणून अशा डिस्कवर कॉपी संपली की केबल ओढू नका. आधी इजेक्ट करा, मग डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत दहा सेकंद थांबा. फोनला ओटीजीनं पेनड्राइव्ह लावता तेव्हाही हीच सवय ठेवा.

घरी तपासायचं कसं?

लिनक्स वापरत असाल तर दोनच प्रश्न विचारायचे.

पहिला कर्नलला: तुला काय वाटतं? त्यासाठी मघाशी सांगितलेली राइट कॅश नावाची फाइल फक्त वाचा, तिच्यात लिहू नका. उत्तर राइट बॅक किंवा राइट थ्रू येईल.

दुसरा ड्राइव्हला: खरं काय आहे? साटा ड्राइव्हसाठी एचडीपार्म नावाची कमांड आहे. तिला डॅश कॅपिटल डब्ल्यू आणि ड्राइव्हचं नाव द्या. उत्तरात राइट कॅशिंगसमोर १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. डब्ल्यूनंतर आकडा देऊ नका, आकडा दिला की सेटिंग बदलते.

दोन्ही उत्तरं जुळली की काम झालं.

आता समजा तुम्हाला कॅश खरोखर बंदच करायची आहे. एचडीपार्मला डब्ल्यूपुढे ० दिलं की ड्राइव्हची कॅश बंद होते. साटा ड्राइव्ह थेट मदरबोर्डला असेल तर लिनक्स ही कमांड जाताना बघतो आणि ड्राइव्हला पुन्हा विचारून आपली नोंद सुधारतो. पण मध्ये रेड कार्ड किंवा यूएसबीचा दुभाषा असेल तर यावर विसंबू नका. बदल केल्यावर दोन्ही प्रश्न पुन्हा विचारा. आणखी एक, ही सेटिंग बहुतेक ड्राइव्ह वीज गेली की विसरतात आणि मूळ स्थितीत, म्हणजे कॅश चालू, अशा जागेपणी परत येतात. म्हणून ती दर वेळी चालू होताना लावावी लागते.

याहून बरा रस्ताही लिनक्समध्ये आहे. सिस फोल्डरमध्ये क्लास, त्यात स्कझी डिस्क, त्यात तुमच्या ड्राइव्हचा क्रमांक आणि त्यात कॅश टाइप नावाची फाइल. हिच्यात "राइट थ्रू" लिहिलं तर कर्नल आधी ड्राइव्हला कॅश बंद करायला सांगतो आणि मग स्वतःची नोंद बदलतो. दोघं एकत्र बदलतात. मात्र त्याच शब्दांआधी "टेम्पररी" लिहिलं तर फक्त कर्नलचा समज बदलतो. म्हणजे एका शब्दानं तुम्ही माझ्या जागी येता.

विंडोजवाल्यांनो, तुमच्याकडेही हे आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क निवडा, प्रॉपर्टीज उघडा, पॉलिसीज टॅबवर जा. तिथे दोन चौकटी दिसतील. पहिली, डिव्हाइसवर राइट कॅशिंग चालू करा. ही टिक असली तर हरकत नाही. दुसरी, विंडोजचं राइट कॅश बफर फ्लशिंग बंद करा. ही टिक म्हणजे माझीच चूक, फक्त माऊसनं केलेली. ड्राइव्हला वेगळा वीजपुरवठा नसेल तर ही निवडू नका, असं तिथेच खाली लिहिलेलं असतं. गेमिंगचा वेग वाढवा म्हणणाऱ्या व्हिडिओत कुणी ही टिक करायला सांगितली तर आता तुम्हाला माहीत आहे.

मॅकवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक वाक्य. तिथे साधा एफसिंक डेटा ड्राइव्हपर्यंत पोचवतो, पण ड्राइव्हची कॅश रिकामी करेलच असं नाही. त्यासाठी एफ-फुलएफसिंक ही वेगळी विनंती करावी लागते. ॲपलच्या मॅन पेजमध्येच तसं लिहिलंय.

आणि फोन? त्यातही हाच प्रश्न आहे. ईएमएमसी मेमरीच्या ४.५ आवृत्तीपासून तिथेही अशी कॅश आणि फ्लश आले. तुमचे मेसेज, कॉन्टॅक्ट, बरंच काही एसक्यूलाइटमध्येच असतं. फरक एवढाच की फोनला बॅटरी कायम जोडलेली असते, त्यामुळे लाइट गेली हा प्रसंग क्वचित येतो.

खोटं पकडायची जुनी युक्ती

कुणी म्हणेल, दोन्ही उत्तरं जुळली, पण ड्राइव्हच खोटं बोलत असेल तर? हा प्रश्न जुना आहे. लाइव्हजर्नल ही साइट सुरू करणारा ब्रॅड फिट्झपॅट्रिक यानं यासाठी डिस्कचेकर नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. पोस्टग्रेस डेटाबेसच्या कागदपत्रांतही त्याचा उल्लेख आहे. कल्पना एकदम सोपी आहे. एक कॉम्प्युटर डिस्कवर लिहितो, एफसिंक करतो, आणि "झालं" उत्तर आलं की नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला सांगतो, अमुक नोंद पक्की झाली. मध्येच पहिल्याचा प्लग ओढायचा. परत चालू करून बघायचं, दुसऱ्याकडे पक्क्या म्हणून असलेल्या सगळ्या नोंदी डिस्कवर आहेत का.

बघितलं ना, आजींनी नेमकं हेच केलं होतं. त्यांच्या कनवटीची पावती म्हणजे तो दुसरा कॉम्प्युटर.

प्लग न ओढता करायची एक चाचणीही आहे. एक छोटी नोंद लिहून एफसिंक करायचं, असं लागोपाठ हजार वेळा, आणि वेळ मोजायचा. ७२०० फेऱ्यांची साधी डिस्क असेल तर सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या वर जाणं अवघड आहे, कारण प्रत्येक वेळी एका फेऱ्याची वाट बघावी लागते. आकडा हजारोंत आला आणि मध्ये बॅटरीवालं कार्ड नसेल, तर कुणीतरी चिठ्ठीलाच वही म्हणतंय. मामांच्या कॉम्प्युटरवर माझा आकडा हजारोंत आला होता.

प्लग ओढायची चाचणी करायची असेल तर रिकाम्या, जुन्या डिस्कवर करा. घरच्या फोटोंवर अजिबात नको.

शेवटी काय केलं

स्क्रिप्टमधली ती ओळ काढली. कर्नल पुन्हा ड्राइव्हचं ऐकू लागला आणि नोंद राइट बॅक झाली. मग पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं: एका पावतीचे सगळे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधले. वीस-पंचवीस वेळा सेव्ह करायच्या जागी एकदाच. पावती पुन्हा डोळ्याला जाणवणार नाही इतक्या लवकर निघू लागली, आणि या वेळी फ्लश खरोखर जात होता. यूपीएसला नवी बॅटरी टाकली. मग घरून नेलेल्या एका जुन्या डिस्कवर खोट्या नोंदी भरत पंधरा वेळा प्लग ओढला. मामा शेजारी बसून छापलेल्या पावत्या आणि स्क्रीनवरच्या नोंदी जुळवत होते. पंधराही वेळा जुळल्या.

संध्याकाळी संकलनाच्या वेळी मी तिथेच थांबलो. रांगेतल्या लोकांना सांगितलं, की दोन पावत्यांचा एकच नंबर निघाला तो माझ्या प्रोग्रॅममुळे, मामांचा त्यात काही संबंध नाही. कॅश, फ्लश वगैरे काही बोललो नाही. कच्च्या चिठ्ठीवरचं वहीत उतरवायला मशीन विसरलं, कारण मीच त्याला विसरायला सांगितलं होतं, एवढंच म्हणालो. ते सगळ्यांना लगेच कळलं. आजी म्हणाल्या, "मग आता उतरवतंय न्हवं?" मी म्हटलं, "उतरवतंय." तरी त्यांनी त्या दिवसाची पावती घडी घालून कनवटीला लावलीच.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर दोन प्रश्न विचारा, एक कर्नलला आणि एक ड्राइव्हला. उत्तरं जुळली नाहीत तर दोन्हींचा स्क्रीनशॉट पाठवा, ड्राइव्ह साटा आहे, यूएसबी आहे की एनव्हीएमई तेही लिहा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातलीच काही उदाहरणं घेऊन बसू. आणि घरात किंवा दुकानात कॉम्प्युटरवर हिशोब चालत असेल तर यूपीएसचा प्लग एकदा काढून बघा, बॅटरी खरंच धरते का ते. आधी चालू फाइल सेव्ह करा, म्हणजे झालं. भेटू लवकरच!